छोट्या बजेटच्या भयपटांबद्दल सुहासला पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘स्किनामरिंक’ तू अर्ध्यात बंद केलास, ‘टेरिफायर’चा दुसरा भाग बघून तुला मळमळलं, आणि आता तुझं मत असं झालंय की कमी पैशांतला भयपट म्हणजे एकतर काहीच न दिसणारा अंधार, नाहीतर रक्ताच्या बादल्या. त्याच पत्राच्या शेवटी लिहितोस की बारा मिनिटांची एक भुताची फिल्म स्वतः करायची आहे: एक घर, दोन नट, तीन रात्री. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

पैसे कमी असणं हा काही गुण नव्हे. अशा सिनेमांचं ‘एवढ्याशा पैशांत केलंय हो’ म्हणून कौतुक करणं मला पटत नाही. छोटा भयपट जमतो तो एकाच प्रकारे. पैशांअभावी आलेली अडचण गोष्टीचा नियम होते, आणि दिग्दर्शक तो नियम शेवटपर्यंत पाळतो. नियम सुटला की धास्तीही सुटते. मग कितीही दचकवा, प्रेक्षक खुर्चीत दचकतो आणि लगेच सैल बसतो. दचकणं आणि धास्तावणं यांत आपण नेहमी गल्लत करतो. दचका सेकंदाचा असतो, धास्ती घरी घेऊन जावी लागते.

‘होस्ट’ बघ, मग मी काय म्हणतोय ते पटेल. २०२० सालचा, टाळेबंदीतला, ५७ मिनिटांचा सिनेमा. दिग्दर्शक रॉब सॅवेज आणि नट एका खोलीत आलेच नाहीत. सगळं व्हिडिओ कॉलवर घडतं, आणि दिवे, कॅमेरा, कितीतरी इफेक्ट नटांनी आपापल्या घरी स्वतः लावले. कल्पनेपासून पूर्ण सिनेमापर्यंत साधारण बारा आठवडे. ‘कोणीतरी चित्रित केलेलं सापडलं’ या धाटणीच्या सिनेमांत एक प्रश्न कायम छळतो: जिवावर बेतलंय तरी हे लोक कॅमेरा का धरून बसलेत? इथे तो प्रश्नच उठत नाही, कारण लॅपटॉपचा कॅमेरा आधीपासून चालूच आहे. त्यात एक क्षण आहे. चेहऱ्यावर मुखवटा बसवणारा फिल्टर चालू असतो, आणि तो रिकाम्या हवेत जाऊन चिकटतो. पडद्यावर काहीही दाखवलेलं नाही. फक्त सॉफ्टवेअर म्हणतंय की इथे एक चेहरा आहे. मग जमिनीवर पीठ पसरलं जातं आणि त्यात पावलं उमटतात. या दोन्ही गोष्टींना जवळजवळ काही खर्च नाही, पण दोन्हींत भूत दाखवण्याऐवजी भुताची नोंद दाखवली आहे. फुकटच्या कॉलची वेळ संपत येते ती घाईसुद्धा गोष्टीत वापरली आहे. त्यात एकही मिनिट फालतू नाही.

ही कल्पना नवी नाही. २००७ साली पहिल्यांदा दाखवलेला ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ सुमारे १५ हजार डॉलरमध्ये झाला, तोही एका घरात आणि बव्हंशी तिपाईवर ठेवलेल्या कॅमेऱ्यावर. झोपण्याच्या खोलीची एकच चौकट, कोपऱ्यात वेळेचे आकडे, आणि दार चार बोटं हलतं. कॅमेरा हलत नसल्यामुळे आपली नजर चौकटभर फिरत राहते. शोधण्याचं काम प्रेक्षकाकडे दिलं की भीतीही तोच तयार करतो.

आता ‘स्किनामरिंक’. तू सोडलास ते मी समजू शकतो, पण कारण चुकीचं देतोयस. काइल एडवर्ड बॉलने तो एडमंटनला, स्वतः जिथे लहानाचा मोठा झाला त्याच घरात, सुमारे १५ हजार कॅनेडियन डॉलरमध्ये केला. दोन लहान मुलं रात्री उठतात, वडील नाहीत, आणि घरातली दारं-खिडक्या नाहीशा होतात. चौकटीत चेहरे जवळजवळ येतच नाहीत. छताचा कोपरा, दाराची वरची पट्टी, गालिच्यावरची खेळणी, आणि टीव्हीवर चालू असलेली जुनी कार्टून्स, ज्यांचे हक्क संपलेले आहेत म्हणून ती फुकट वापरता आली. लहान मुलाची नजर जिथे जाते तिथेच कॅमेरा जातो, हा त्याचा नियम. मोठं माणूस बोलतं तेव्हा शब्द नीट ऐकू येत नाहीत, अधूनमधून ते खाली लिहून येतात, त्यामुळे आपण कान देऊन बसतो. आणि कान दिलेला माणूस घाबरायला तयार असतो.

दोष आहे तो लांबीत. शंभर मिनिटं हा प्रकार पेलत नाही. सत्तर मिनिटांत हाच सिनेमा अंगावर आला असता. शिवाय तू तो फोनवर, कमी वेगाच्या नेटवर बघितलास. त्या सिनेमाच्या अंधारात सतत दाणे, म्हणजे जुन्या फिल्मवर दिसतात तसे बारीक ठिपके, हलत असतात. कमी डेटात पाठवलेल्या चित्रात हलणारे बारीक दाणे टिकत नाहीत, त्यांचे चौकोनी ठोकळे होतात. तुला जे ‘काहीच दिसत नाही’ वाटलं त्यातलं निम्मं या ठोकळ्यांचं पाप आहे. पुन्हा बघशील तर रात्री, खोलीतला दिवा घालवून, हेडफोन लावून, पूर्ण दर्जाच्या चित्रात बघ.

‘द आउटवॉटर्स’ हासुद्धा १५ हजार डॉलरचाच, मोहावी वाळवंटातला. सापडलेल्या तीन मेमरी कार्डांवरचं चित्रीकरण असं त्याचं रूप आहे. उत्तरार्धात मिट्ट काळोख आणि त्यात टॉर्चचा नाण्याएवढा गोल. कल्पना जबरदस्त आहे, पण त्या गोलात काय दिसतंय याचा अर्थ लावायला प्रेक्षकाला काही धागाच दिलेला नाही. भीती वाटायला ‘काहीतरी चुकतंय’ एवढं तरी कळावं लागतं. माझ्या मते हा फसलेला सिनेमा आहे, पण कुठे फसला ते बघण्यासाठी बघावा असा.

‘टेरिफायर’च्या बाबतीत तुझ्याशी अर्धा सहमत आहे. दुसऱ्या भागाचं बजेट अडीच लाख डॉलरचं, लांबी २ तास १८ मिनिटं. डेमियन लिओनी लेखन, दिग्दर्शन, संकलन आणि मेकअप इफेक्ट हे सगळं स्वतः करतो, आणि स्वतःच्या हाताने घडवलेल्या जखमेवर कात्री चालवणं त्याला जड जातं, असं तो सिनेमा बघताना वाटतं. प्रत्येक हत्या दुप्पट लांबते. पहिल्या पंधरा सेकंदांत किळस येते, नंतर प्रेक्षक रबर बघायला लागतो. पण आर्ट नावाच्या त्या खुनी विदूषकाचा एक नियम शिकण्यासारखा आहे: त्याच्या तोंडून आवाज निघत नाही. स्वतःला लागलं तरी तो ओरडतो ते नुसतं तोंड उघडून. तिसऱ्या भागाने २०२४ मध्ये जगभरात सुमारे ९ कोटी डॉलर कमावले त्यात रक्ताचा वाटा मोठा असेल, पण लोकांच्या लक्षात राहतो तो हा मुका विदूषक.

मला अलीकडच्यांत सगळ्यात भावलेला म्हणजे डेमियन मॅकार्थीचा ‘ऑडिटी’, २०२४, आयर्लंड. सुरुवात सांगतो, पुढचं सांगत नाही. एक बाई जुन्या, दुरुस्तीला काढलेल्या दगडी घरात रात्री एकटी आहे. दार ठोठावलं जातं. दारातली झडप उघडली तर बाहेर एक माणूस, एक डोळा काचेचा. तो म्हणतो, तुम्ही गाडीपाशी गेला होतात तेव्हा कोणीतरी तुमच्या घरात शिरताना मी पाहिलं, तुम्ही बाहेर या. आता दार उघडायचं की नाही? आत धोका आहे असं सांगणारा माणूस स्वतःच धोका दिसतोय. एक दार, दोन नट, एक झडप. भूत नाही, रक्त नाही, आणि तळव्यांना घाम फुटतो. पुढे एक लाकडी पुतळा येतो, माणसाच्या आकाराचा, तोंड वासलेला, आणि तो जेवणाच्या टेबलापाशी बसवला जातो. बराच वेळ तो आपल्यासमोर हलत नाही. आपण दुसरीकडे बघून परत येतो तेव्हा त्याची बैठक बदललेली असते. पुतळा हलवायला यंत्र लागतं, पण दोन शॉटच्या मध्ये हाताने मान वळवून ठेवायला काहीच लागत नाही. ‘एक घर, दोन नट’ अशी तुझी फिल्म असेल तर ती पहिली दहा मिनिटं तीनदा बघ. तिसऱ्यांदा आवाज बंद करून.

‘गुड बॉय’ (२०२५) पण बघ. नायक कुत्रा, दिग्दर्शक बेन लिओनबर्ग, आणि कुत्रा त्याचाच, इंडी. तीन वर्षांत मिळून ४०० दिवस चित्रीकरण, आणि सिनेमा सव्वा तासाच्याही आतला. कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, माणसांचे चेहरे बहुतेक चौकटीबाहेर किंवा सावलीत. कुत्र्याला अभिनय करतोय हे ठाऊकच नाही. तो कशाकडे तरी बघतो, मग रिकामा कोपरा दिसतो, मग पुन्हा तो. भीती त्या जोडणीत तयार होते. कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी दाखवलेली गोष्ट हीच. तुझ्या नटांना हे लागू कर. भूत दाखवण्याऐवजी ऐकणारा चेहरा दाखव, पाच-सहा सेकंद, भुवया न उडवता, डोळे न विस्फारता. नटाला ‘घाबर’ सांगू नकोस. ‘आतल्या खोलीत नळ टपकतोय का ते ऐक’ असं सांग.

नियम सुटल्याची दोन उदाहरणं देतो, दोन्ही चांगल्याच सिनेमांतली. ‘लेट नाइट विथ द डेव्हिल’ म्हणजे १९७७ सालच्या हॅलोवीनच्या रात्रीचा टीव्हीवरचा गप्पांचा कार्यक्रम. प्रक्षेपण रंगीत, जुन्या टीव्हीच्या चौकोनी चौकटीत, आणि जाहिरातींच्या वेळचं पडद्यामागचं कृष्णधवल. सूत्रसंचालक झालेल्या डेव्हिड डॅस्टमलचियनचं काम सुरेख. पण पडद्यामागचे प्रसंग इतक्या नीटस कोनांतून दिसतात की हे टिपतंय कोण, असा प्रश्न पडतो, आणि शेवटी तर सिनेमा ते रूप सोडूनच देतो. त्यातल्या तीन स्थिरचित्रांसाठी एआय वापरल्यावरून वाद झाला तोही मला रास्त वाटतो. सत्तरच्या दशकातला स्टुडिओ एवढ्या मायेने उभा केल्यावर ती तीन पाट्या कुणा चित्रकाराकडून करून घ्यायला हव्या होत्या.

दुसरा ‘इन अ व्हायलंट नेचर’, कॅनडाचा, ख्रिस नॅशचा. कॅमेरा खुन्याच्या पाठोपाठ जंगलातून चालतो. पार्श्वसंगीत नाही, फक्त पाचोळ्यावर पडणारी जड पावलं, पक्षी, वारा. तरुण मंडळींच्या गप्पा लांबून तुटक ऐकू येतात, कारण आपण त्यांच्यात नाही, त्यांच्याकडे चालत येणाऱ्याबरोबर आहोत. शेवटाकडे मात्र कॅमेरा त्याला सोडून एका गाडीत बसतो आणि लांबलचक बोलणं ऐकतो. काहींना तोच भाग सगळ्यात भीतिदायक वाटतो. मला वाटत नाही.

‘टॉक टु मी’ आणि मल्याळम ‘भूतकालम’ तुझ्या सोयीने बघ. पहिल्यात मेलेल्यांशी बोलण्यासाठी एक हाताचा पुतळा धरायचा असतो, आणि तो नव्वद सेकंदांच्या आत सोडायचा हा नियम आधी सांगून ठेवलाय, म्हणून मोडल्यावर पोटात खड्डा पडतो. दुसऱ्यात आई-मुलाचं नातं एवढं खरं आहे की भूत उशिरा आलं तरी चालतं. आणि पैशांचा प्रश्न मनात असेल तर करी बार्करचा ‘मिल्क अँड सीरियल’ बघ: ८०० डॉलर, ६२ मिनिटं, २०२४ मध्ये थेट यूट्यूबवर फुकट. खोड्यांचे व्हिडिओ करणारे मित्र, म्हणून कॅमेरे सतत चालू. मध्यावर गोष्ट मागे जाऊन दुसऱ्या बाजूने दिसते, आणि आधी पाहिलेलं सगळं पालटतं. नवं ठिकाण नाही, नवा खर्च नाही.

आता तुझी फिल्म.

पैसे आवाजावर लाव. चित्र कच्चं असेल तर प्रेक्षक त्याला शैली समजून घेतो, आवाज कच्चा असेल तर तो उठून जातो. त्या घरात जाशील तेव्हा पहिलं काम म्हणजे फ्रिज बंद कर. आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेव. ध्वनिमुद्रकांची ही जुनी युक्ती आहे: निघताना किल्ली शोधलीस की फ्रिज चालू करायचं आपोआप आठवतं. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प उभं करून साठ सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड कर. दिव्यांसकट, माणसांसकट, जशी शॉटच्या वेळी खोली होती तशीच. संवादांच्या मधल्या फटी याच शांततेने भरायच्या असतात. ती नसेल तर प्रत्येक कटला पार्श्वभूमी उडी मारते, आणि भुताच्या आधी प्रेक्षकाला संकलन जाणवतं.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेव. बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास शिखर गाठेल असं, आणि किंकाळी असलेल्या शॉटला दुसरा ट्रॅक दहा-बारा डेसिबल खाली. फाटलेली किंकाळी नंतर कशानेच दुरुस्त होत नाही. दचक्याच्या जागेबद्दल एवढंच लक्षात ठेव की डिजिटल आवाजाला शून्याच्या वर जागा नसते. आधीपासून संगीत वर चढवून ठेवलंस तर आदळायला उंचीच उरत नाही. म्हणून दचक्याआधीचे दोन-तीन सेकंद खाली आण, अगदी खोलीच्या शांततेपर्यंत. पूर्ण शून्य मात्र करू नकोस, कारण शून्य झालं की प्रेक्षक सावध होतो. आणि ती घुमणारी ४० हर्ट्झची घरघर तुला आवडते हे मला माहीत आहे, पण फोनच्या स्पीकरवर ती ऐकूच येत नाही. तिच्याबरोबर दोन-तीनशे हर्ट्झच्या पट्ट्यात दुसरा थर ठेव, जिन्याच्या लाकडाचा, पाइपाचा, कशाचाही.

अंधार अंधारात चित्रित करायचा नसतो. साधारण एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त ठेव आणि नंतर संगणकावर चित्राचे रंग ठरवताना खाली ओढ. ८ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, आणि गडद भागाच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच येतात. कमी उजेडात टिपलेली भिंत नंतर उजळायला गेलास की तिच्यावर पट्टे उमटतात. चौकटीत एक लहान उजळ गोष्ट असू दे, झिरोचा दिवा, टीव्ही, दाराखालची फट. ती दिसली की बाकीचं काळं असूनही डोळ्याला ते अंधार म्हणून पटतं. नटाच्या हातात टॉर्च असेल तर चौकटीबाहेर एक पांढरा पुठ्ठा धर. टॉर्चचा झोत त्यावरून परत त्याच्या चेहऱ्यावर येतो, आणि वेगळा दिवा लागत नाही. तीन रात्री पुरणार नाहीत, तेव्हा खिडक्यांवर बाहेरून, काचेपासून हातभर अंतर सोडून काळं कापड लाव. मधल्या जागेत छोटा निळसर दिवा बसतो आणि दिवसाही रात्रीचे शॉट निघतात. आतून कापड लावलंस तर खिडकी नुसता काळा चौकोन दिसते.

रक्त एकाच शॉटमध्ये आहे म्हणतोस, तर घरीच कर. दोन वाट्या कॉर्न सिरप, पाव वाटी कोमट पाणी, दोन चमचे खायचा लाल रंग, अर्धा चमचा कोको, निळ्या रंगाचे दोन थेंब. कोको आधी पाण्यात कालव, थेट सिरपमध्ये टाकलास तर गुठळ्या तरंगतात. कोको विसरलास तर रक्त सरबतासारखं गुलाबी दिसतं. निळ्या दिव्यात लाल रंग काळा पडतो, म्हणून रात्रीच्या शॉटसाठी निळे थेंब वगळ आणि ज्या दिव्यात चित्रित करणार त्याच दिव्यात, त्याच कपड्याच्या तुकड्यावर आधी कॅमेऱ्यातून बघ. कपड्यावर सांडायचं असेल तर भांडी धुण्याच्या साबणाचे काही थेंब घाल, डाग लवकर निघतो, पण मग ते तोंडाजवळ न्यायचं नाही. हॉलिवूडचा मेकअप कलाकार डिक स्मिथ याच्या प्रसिद्ध कृतीत रक्त नीट पसरावं म्हणून फोटो धुण्याचं फोटो-फ्लो हे द्रावण होतं. ते विषारी आहे, इंटरनेटवर ती कृती सापडली तरी त्या वाटेला जाऊ नकोस. कपड्याच्या तीन प्रती लागतील. दोन आणल्यास की दुसऱ्या टेकला हात थरथरतात.

एक शंका तुझ्या कथेबद्दल. नवव्या मिनिटाला तू त्या भुताचा, म्हणजे त्या बाईचा, चेहरा दाखवतोस. तोपर्यंत आठ मिनिटं ती फक्त मुलाच्या बोलण्यातून कळते, आपल्याला दिसत नाही. हा तुझा नियम छान जमलाय, मग तो का मोडतोस? मुलगा दाराकडे बघून बाजूला सरकून जागा देतो, तिथेच थांब. पलंगाची चादर एका बाजूने दबलेली दिसली तरी पुरे. गादीखालून दोरी ओढली की ते होतं, मेकअपचा खर्च वाचतो, आणि ती बाई माझ्याबरोबर घरी येते.

बघण्याचा क्रम असा ठेव: आधी ‘होस्ट’, लॅपटॉपवरच. मग ‘ऑडिटी’, मग ‘गुड बॉय’. ‘स्किनामरिंक’ अगदी शेवटी. पहिला कट तयार झाला की चित्र पाठवण्याआधी मला बारा मिनिटांचा नुसता आवाज पाठव. मी दिवा घालवून ऐकेन आणि कुठल्या मिनिटाला मान वळवावीशी वाटली ते लिहून कळवीन.

तुझा,
अनिरुद्ध